मोडलेले हाड जुळते कसे?

प्रस्तावना

ओल्या फरशीवर पाय घसरणे, झाडावरून किंवा गच्चीवरून पडणे, रस्त्यात वाहनाची धडक बसणे, अशी एखादी घटना बहुतेक कुटुंबांच्या आठवणीत असते. हात किंवा पाय मोडला की घरची माणसे घाबरतात आणि जो तो सल्ला देऊ लागतो. कोणी तेलाने चोळायला सांगतो, कोणी ओढून बसवायला सांगतो, तर कोणी कामट्या लावून घट्ट बांधायला सांगतो. पहिल्या काही तासांत घेतलेल्या निर्णयावर त्या अवयवाचे भवितव्य पुष्कळदा अवलंबून असते. हाड कसे जुळते हे ठाऊक असेल, तर हा निर्णय घाबरून नव्हे, तर समजून घेता येतो. लखनौ शहरातील काही संस्थांच्या आधाराने या पाठात ही माहिती दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• मोडलेले हाड जुळण्याचे टप्पे क्रमाने सांगता येतील;
• अस्थिभंगावरील उपचारांमागची तीन सूत्रे स्पष्ट करता येतील;
• घट्ट बंधनाच्या धोक्याची लक्षणे ओळखता येतील;
• अपघातानंतर काय करावे व काय टाळावे हे इतरांना समजावून देता येईल.

मूळ पाठ

१. गोमतीकाठचे शहर

उत्तर प्रदेशाची राजधानी लखनौ गोमती नदीच्या काठी वसली आहे. अवधच्या नबाबांचे शहर म्हणून ते प्रसिद्ध आहे. युनानी हकिमांची जुनी परंपराही तेथे आहे. या शहरात २६ डिसेंबर १९०५ रोजी तत्कालीन ब्रिटिश युवराजांच्या हस्ते एका वैद्यकीय महाविद्यालयाची कोनशिला बसविण्यात आली. हेच युवराज पुढे पाचवे जॉर्ज या नावाने गादीवर आले. १९११ साली तेथे अध्यापन सुरू झाले. २००२ साली या महाविद्यालयाला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. काही वर्षे त्याला कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचे नाव होते. आज ते किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. अपघातग्रस्तांसाठी तेथे स्वतंत्र ट्रॉमा सेंटर आहे. लखनौबरोबरच आसपासच्या जिल्ह्यांतूनही तेथे रुग्ण आणले जातात.

लखनौला पतंगांचा मोठा शौक आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तेथे ‘जमघट’ असतो आणि घरोघरच्या गच्च्यांवरून पतंग उडतात. नजर आकाशाकडे आणि पाय कठड्याजवळ असले, तर तोल जायला एक क्षणही पुरतो.

हाड मोडल्यावर लोक दोन ठिकाणी जातात. काही रुग्णालय गाठतात, तर काही परंपरेने हाडे बसविणाऱ्याकडे जातात. महाराष्ट्रात त्याला हाडवैद्य म्हणतात, तर उत्तरेत उर्दू बोलणारे लोक त्याला जर्राह म्हणतात. तो जवळ असतो, पैसे कमी घेतो, ओळखीचा असतो आणि शस्त्रक्रियेची भीती दाखवीत नाही. त्याच्याकडे गेलेले कित्येक जण बरेही होतात. ते का बरे होतात, या प्रश्नाचे उत्तर हाडाच्या स्वभावात आहे.

२. हाड निर्जीव नाही

हाड म्हणजे शरीरातील वाळलेले लाकूड, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे २०६ हाडे असतात आणि त्यांतील प्रत्येक हाड जिवंत असते. त्यात रक्तवाहिन्या असतात, पेशी असतात. हाडावरील पातळ आवरणात मज्जातंतू असतात, म्हणून हाड मोडल्यावर असह्य वेदना होतात. हाडाचा कठीणपणा कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या क्षारांमुळे येतो, तर त्याची चिवटपणाची बाजू कोलॅजन नावाचे प्रथिन सांभाळते. केवळ क्षार असते, तर हाड खडूसारखे फुटले असते. केवळ प्रथिन असते, तर ते वाकले असते.

हाडात दोन प्रकारच्या पेशी सतत काम करीत असतात. एक प्रकारच्या पेशी जुने हाड झिजवितात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी नवे हाड घडवितात. घराची डागडुजी करणारे गवंडी कायमचे घरातच राहावेत, तशी ही व्यवस्था आहे. म्हणून हाड मोडले की दुरुस्तीसाठी बाहेरून कोणाला बोलवावे लागत नाही. त्वचेवरील जखम भरली की तेथे वण राहतो. हाड मात्र हाडानेच भरून येते.

३. जुळण्याचे चार टप्पे

पहिला टप्पा रक्ताच्या गाठीचा. हाड मोडताच त्यातील रक्तवाहिन्या तुटतात. तुटलेल्या टोकांभोवती रक्त साचून गोठते. तो भाग सुजतो, लाल होतो, दुखतो. ही सूज त्रासदायक वाटली, तरी दुरुस्तीची सुरुवात तिच्यातच असते. मृत पेशी साफ करणाऱ्या पेशी तेथे जमतात आणि नवे हाड घडविणाऱ्या पेशींना आवश्यक संदेश मिळतात. पहिला आठवडा साधारणपणे यात जातो.

दुसरा टप्पा मऊ गाठीचा. गोठलेल्या रक्ताची जागा हळूहळू तंतू व कूर्चा घेतात. नाकाच्या शेंड्याला हात लावला की जी लवचीक रचना लागते, तीच कूर्चा होय. दोन-तीन आठवड्यांत ही मऊ गाठ तुटलेली टोके एकमेकांशी बांधू लागते. मात्र ती वजन पेलू शकत नाही. दुखणे कमी झाल्यामुळे रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते आणि तो घाई करतो. धोका याच काळात असतो.

तिसरा टप्पा कठीण गाठीचा. कूर्चेत क्षार साठू लागतात आणि तिचे हाडात रूपांतर होते. क्ष-किरण चित्रात मोडलेल्या जागेभोवती ढगासारखी पांढरी गाठ दिसू लागते. प्रौढांच्या हाताच्या हाडाला सुमारे सहा आठवडे आणि पायाच्या मोठ्या हाडाला बारा किंवा त्याहून अधिक आठवडे लागतात. मुलांना यापेक्षा पुष्कळच कमी काळ पुरतो.

चौथा टप्पा घडणीचा. कठीण गाठ ओबडधोबड असते. झिजविणाऱ्या आणि घडविणाऱ्या पेशी मिळून तिला मूळ हाडाचा आकार देतात. हे काम अनेक महिने, कधी काही वर्षे चालते. ज्या दिशेने हाडावर भार येतो, त्या दिशेने ते मजबूत होत जाते. हा नियम जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडला. म्हणूनच योग्य वेळ येताच वैद्य रुग्णाला चालायला लावतात.

आता मघाच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. हाड स्वतःच जुळते. ज्याने ते बांधले असेल, त्याच्याकडे त्याचे श्रेय जाते. परंतु हाड जुळले एवढे पुरेसे नाही. ते सरळ जुळले का आणि जुळेपर्यंत त्या अवयवाचा रक्तपुरवठा शाबूत राहिला का, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. हाडाला वाकडे जुळणेही चालते. माणसाला ते चालत नाही.

पाठगत प्रश्न १
(अ) रिकाम्या जागा भरा.
१. हाडाचा चिवटपणा ............ नावाच्या प्रथिनामुळे टिकतो.
२. कूर्चेत ............ साठून कठीण गाठ तयार होते.
(आ) चूक की बरोबर ते लिहा.
१. मोडलेल्या जागेची सूज ही दुरुस्तीची सुरुवात असते.
२. वेदना थांबली म्हणजे हाड पूर्ण जुळले.

४. उपचारांची तीन सूत्रे

अस्थिभंगावरील सर्व उपचार तीन सूत्रांत सांगता येतात: टोके जागेवर आणणे, ती स्थिर ठेवणे आणि अवयवाची हालचाल परत मिळविणे.

टोके जागेवर आणण्यासाठी आधी ती कोठे सरकली आहेत हे दिसले पाहिजे. जर्मनीतील विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला आणि त्वचा न कापता हाड पाहण्याची सोय झाली. वरवर पाहता मुका मार, मुरगळणे, सांधा निखळणे आणि हाड मोडणे यांत फरक ओळखणे अवघड असते. क्ष-किरण चित्रावरून तो बहुतेक वेळा ओळखता येतो. हाडे बसविताना रुग्णाला भूल देतात. त्यामुळे वेदना तर होतच नाहीत, शिवाय ताणलेले स्नायू सैल पडून टोके जुळविणे सोपे जाते.

टोके स्थिर ठेवण्याचा विचार भारतात फार प्राचीन आहे. ‘सुश्रुतसंहिते’त अस्थिभंगाचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार वर्णिले आहेत. बांबू आणि झाडांच्या साली यांच्या पट्ट्या लावून अवयव बांधावा आणि पाय मोडलेल्या रुग्णाला खुंट्या ठोकलेल्या फळीवर निजवावे, असे तेथे सांगितले आहे. तरुणाच्या हाडाला जेवढा काळ लागतो, त्याच्या दुप्पट काळ मध्यमवयीनाला आणि तिप्पट वृद्धाला लागतो, हे निरीक्षणही त्या ग्रंथात आहे.

आज सर्वत्र दिसणारे प्लास्टर तुलनेने नवे आहे. जिप्सम हे खनिज भाजले की त्यातील पाणी निघून जाते. त्या भुकटीत पुन्हा पाणी मिसळले की काही मिनिटांत ती घट्ट होते. ही भुकटी चोळलेल्या कापडी पट्ट्यांचा उपयोग डच लष्करी शल्यचिकित्सक अँटोनियस माथायसन यांनी १८५२ साली प्रसिद्ध केला. प्लास्टर हाड जुळवीत नाही. ते हाडाला हलू देत नाही. जुळण्याचे काम आत चालू असते.

काही हाडे प्लास्टरने स्थिर राहत नाहीत. मांडीच्या हाडाभोवतीचे बलवान स्नायू मोडलेली टोके सतत ओढतात. अशा वेळी शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी आणि स्क्रू बसवितात किंवा हाडाच्या पोकळीतून सळई घालतात. ही सळईची पद्धत गेऱ्हार्ड क्युन्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास जर्मनीत रूढ केली. तिच्यामुळे कित्येक महिने खाटेवर पडून राहण्याऐवजी रुग्ण लवकर उभा राहू लागला. सायबेरियातील कुर्गान शहरात गाव्रिल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात गोल कड्या आणि तारांची चौकट तयार केली. हाडाचा तुकडाच निकामी झाला असेल, तर या चौकटीच्या साहाय्याने हाड रोज सुमारे एक मिलिमीटर सरकवून मधली जागा नव्या हाडाने भरून काढता येते.

हाड त्वचा फाडून बाहेर आले असेल, तर प्रश्न केवळ हाडाचा राहत नाही. जखमेतून जंतू आत शिरतात. जखम स्वच्छ करणे, जंतुनाशक औषधे देणे आणि धनुर्वाताची लस देणे यांना तेथे प्रथम स्थान असते. अशी जखम घेऊन हाडवैद्याकडे जाणे जिवावर बेतू शकते.

५. घट्ट बंधनाचा धोका

मोडलेला भाग पहिले दोन-तीन दिवस सुजत जातो. त्याभोवती कामट्या, दोरी किंवा प्लास्टर घट्ट असेल, तर वाढत्या सुजेला जागा मिळत नाही. दाब आतल्या बाजूने वाढतो आणि स्नायूंना रक्त पोहोचेनासे होते. साधारण सहा तास रक्त मिळाले नाही, तर स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात. हाताची बोटे आखडून पंजासारखी होतात. जर्मन शल्यचिकित्सक रिखार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ साली या विकृतीचे वर्णन केले आणि घट्ट बांधलेल्या पट्ट्यांशी तिचा संबंध जोडला. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. रक्तपुरवठा पूर्ण थांबला, तर अवयव काळा पडतो आणि तो कापण्यावाचून उपाय राहत नाही. एका साध्या अस्थिभंगाची किंमत अशा रीतीने एक हात ठरू शकते.

हा धोका आपल्या पूर्वजांना माहीत होता. बंधन सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट असेल तर सूज, वेदना व पू होतो, म्हणून ते मध्यम असावे, असे सुश्रुताने बजावले आहे. बंधन थंडीत सात, समशीतोष्ण ऋतूत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावे, हेही तो सांगतो. तेव्हा घट्ट बांधून तसेच ठेवणे ही परंपरा नव्हे. तो परंपरेचा विसर आहे.

धोक्याची लक्षणे कोणालाही ओळखता येतात. बांधल्यानंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढत जाते. बोटे सरळ करताच ती असह्य होते. बोटे बधिर, गार, पांढरट किंवा निळसर होतात. यांपैकी काहीही दिसले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. रात्र असली तरी रुग्णालय गाठून बंधन वा प्लास्टर कापून घ्यावे. प्लास्टर रुग्णालयात घातलेले असले, तरी हाच नियम लागू होतो.

६. लखनौच्या प्रयोगशाळेतून

हाड लवकर जुळावे यासाठी औषध आहे काय? हा प्रश्नही जुना आहे. कांडवेलीला मराठीत ‘हाडसांधी’ म्हणतात, ते याच समजुतीतून. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. के. एन. उडुपा यांनी १९६० च्या दशकात सहकाऱ्यांसह या वेलीचा परिणाम प्राण्यांवरील प्रयोगांतून अभ्यासला.

लखनौत १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. नबाबांच्या छत्तर मंझिल या राजवाड्यात तिचे काम सुरू झाले. पुढे ती शहराच्या जानकीपुरम विस्तार भागातील नव्या वास्तूत गेली. तेथील शास्त्रज्ञांनी शीशम वृक्षाच्या पानांचा अभ्यास केला. हे झाड महाराष्ट्रातील शिसवीचे जवळचे भावंड आहे. पानांतील घटकांचे प्रमाण निश्चित करून तयार केलेल्या अर्कामुळे उंदरांमध्ये मोडलेले हाड भरून येण्यास मदत होते, असे त्यांना आढळले. पुढे गुजरातमधील एका कंपनीने त्यापासून तयार केलेले औषध बाजारात आणले.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. परंपरेतील ज्ञान तपासून घेता येते आणि ते तपासले जात आहे. परंतु कोणताही अर्क सरकलेले हाड जागेवर आणू शकत नाही. झाडाची पाने वाटून बांधणे म्हणजे हे औषध घेणे नव्हे. कोणते औषध घ्यावे हे वैद्याला विचारूनच ठरवावे.

७. अपघात घडताच आणि त्यानंतर

अपघात घडताच पुढील गोष्टी कराव्यात:
• मोडलेला भाग ओढू नये, चोळू नये. तो ज्या स्थितीत आहे, त्याच स्थितीत फळी, काठी किंवा घडी केलेले वर्तमानपत्र लावून सैलसर बांधावा. आधार वरच्या व खालच्या सांध्यांपर्यंत पोहोचावा.
• हात मोडला असेल, तर ओढणी किंवा पंचाची झोळी करून गळ्यात अडकवावी. बांगड्या व अंगठ्या लगेच काढाव्यात. सूज आल्यावर त्या निघत नाहीत.
• रक्त येत असेल, तर स्वच्छ कापडाने जखम दाबून धरावी. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये.
• मान किंवा पाठीला मार लागला असेल, तर व्यक्तीला उचलून बसवू नये.
• भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून खायला-प्यायला देऊ नये.
• १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रातही आहे. जखमीला मदत करणाऱ्या व्यक्तीला २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिले आहे. म्हणून पोलिसांच्या भीतीने मागे राहू नये.

प्लास्टर घातल्यावर पहिले काही दिवस तो अवयव उशीवर उंच ठेवावा आणि बोटे सतत हलवावीत. खाज आली म्हणून प्लास्टरमध्ये काडी घालू नये. आहारात डाळी, दूध, अंडी, नाचणी, पालेभाज्या असाव्यात. अंगावर ऊन घ्यावे. बिडी, सिगारेट आणि तंबाखू बंद करावी. तंबाखूतील निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि हाडाला लागणारे रक्त कमी करते. मधुमेह असेल, तर रक्तातील साखर आटोक्यात ठेवावी.

प्लास्टर निघाल्यावर अवयव बारीक झालेला आणि सांधा आखडलेला दिसतो. तो चोळून मोकळा होत नाही. शिकविलेला व्यायाम नियमित केल्याने होतो. तिसरे सूत्र ते हेच. पहिली दोन सूत्रे वैद्याच्या हातात असतात; तिसरे मात्र बरेचसे रुग्णाच्या हातात असते. हाड आपले काम न सांगता करते. त्याला सरळ मार्ग, पुरेसे रक्त आणि आवश्यक तेवढा वेळ देणे हे माणसाचे काम आहे.

पाठगत प्रश्न २
१. प्लास्टरचे खरे काम कोणते?
२. घट्ट बंधनाची कोणतीही दोन लक्षणे लिहा.
३. बंधन कसे असावे असे सुश्रुताने सांगितले आहे?

आपण काय शिकलात?

• हाड जिवंत असते आणि ते स्वतःच चार टप्प्यांत जुळते.
• टोके जागेवर आणणे, स्थिर ठेवणे आणि हालचाल परत मिळविणे ही उपचारांची तीन सूत्रे आहेत.
• फार घट्ट बंधनामुळे रक्तपुरवठा थांबून अवयव गमवावा लागू शकतो.
• पारंपरिक ज्ञान तपासून स्वीकारावे. त्यातील सावधगिरीच्या सूचनाही विसरू नयेत.

शब्दार्थ

अस्थिभंग – हाड मोडणे
कामट्या – बांबूच्या चिरून केलेल्या पातळ पट्ट्या
कूर्चा – मऊ, लवचीक हाडासारखा भाग
शाबूत – सुरक्षित, न मोडलेले
विकृती – बिघाड

भाषाभ्यास

१. ‘अस्थिभंग’ या सामासिक शब्दाचा विग्रह करा.
२. ‘हाडाची काडे करणे’ आणि ‘हाडाचा शेतकरी असणे’ यांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.

पाठान्त प्रश्न

१. हाडवैद्याकडे गेलेले काही रुग्ण बरे का होतात? पाठाच्या आधारे आपले मत लिहा.
२. ‘हाडाला वाकडे जुळणेही चालते, माणसाला ते चालत नाही.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. शेजारच्या मुलाचा हात मोडला आहे आणि घरचे लोक तो घट्ट बांधून उद्यापर्यंत थांबणार आहेत. त्यांच्याशी तुम्ही काय बोलाल ते संवादरूपात लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ (अ) १. कोलॅजन २. क्षार (आ) १. बरोबर २. चूक
प्रश्न २ १. हाड हलू न देणे. २. वाढती वेदना, बोटे बधिर, गार किंवा निळसर होणे. ३. सैलही नाही आणि फार घट्टही नाही, म्हणजे मध्यम.